कोनाड्यापर्यंतचं पाणी

तीसेक वर्षं मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, याचा उपयोग काय?" मी ठरलेलं उत्तर देऊन टाकायचो. विचार नीट करायला शिकवतं, दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट दाखवतं, वगैरे. पोरं मान हलवायची आणि विसरायची. खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते द्यायला अख्खा तास गेला असता आणि वर माझीच लाज निघाली असती. तर्कशास्त्राचा पहिला खटला मी आमच्या घरच्या विहिरीवर चालवला, आणि त्यात मी चुकीच्या बाजूनं उभा होतो. आता नोकरी संपली, लाजही बरीचशी झिजली, तेव्हा सांगून टाकतो.

आमचं गाव संग्रामपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं. मोठी कचेरी नागपूरला, आणि शिकायचं तर अमरावती गाठायची. घरी काका, आई, दादा आणि मी. वडील लवकर गेले. त्यांच्या मागं काकांनी आम्हा दोघा भावांना वाढवलं, स्वतःला मूलबाळ नसल्याची कुरकुर एकदाही केली नाही, आणि मला शिकायचं आहे म्हटल्यावर एका शब्दानं अडवलं नाही. पुढं जे सांगणार आहे त्यावरून काकांना कुणी दुष्ट ठरवू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. दुष्ट माणसाला मुद्दा पटवून घ्यायची गरज वाटत नाही. काकांना फार वाटायची.

घरचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा. नाल्याच्या काठानं चार विहिरी होत्या, त्यात सगळ्यात खालची आमची. तिच्यावर मोट चालायची. बैल उताराच्या धावेवरून खाली गेले की पाण्यानं भरलेली कातडी मोट चाकावर कुरकुरत वर यायची, थारोळ्यात ओतली जायची आणि पाटानं पाणी वाफ्यांकडं पळायचं. विहिरीच्या आतल्या बांधकामात एक दगडी कोनाडा होता. त्यात आसरांची पूजा व्हायची. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. प्रत्येक विहिरीच्या आसरा निराळ्या, त्यांचे रुसवे निराळे, आणि विहिरीचं पाणी म्हणजे त्यांची मर्जी, असं आमच्याकडं सगळेच मानत. भर उन्हाळ्यातही पाणी कोनाड्याच्या पायाशी टेकलेलं असायचं. निदान दादाचं लग्न होईपर्यंत तरी असायचं.

दादाचं लग्न माघात झालं. वहिनी पायथ्याच्याच दुसऱ्या गावची, अर्ध्या दिवसाच्या छकड्याच्या वाटेवरची. सावळी, बुटकी, कमी बोलणारी. कमी बोलणारी असं आम्ही समजत होतो. काकांसमोर तिचा पदर डोक्यावरून कधी ढळला नाही आणि तिचा आवाज काकांनी ऐकला नाही. तशी रीतच होती. काकांना तिला काही सांगायचं असलं तर ते आईला सांगत, आणि तिला काही म्हणायचं असलं तर... तर काय, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी कॉलेजचं पहिलं वर्ष आटोपून घरी आलो. डोक्यात तर्कशास्त्र नुसतं फसफसत होतं. आमचे प्राध्यापक पुण्याकडचे. माझ्या बोलीला हसायचे, पण शिकवायचे असे की वर्गात माशी उठली तरी ऐकू यावी. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मधेच आपल्या न्यायशास्त्रात शिरायचे. अन्वय आणि व्यतिरेक त्यांनी शिकवला तो दिवस मला अजून आठवतो. एक गोष्ट असली की दुसरी असते, हा अन्वय. पहिली नसली की दुसरीही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही बाजूंनी पाहायचं, मगच दोहोंचा संबंध बांधायचा. मला वाटलं, जगाची किल्लीच हाती आली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी या किल्लीनं कोणती कुलपं उघडत नाहीत तेही शिकवलं. त्या दिवशी मी हुतूतूचा सामना पाहायला गेलो होतो.

घरी आलो तर काकांचं पोट जळत होतं. रोज संध्याकाळी ओट्यावर छाती चोळत बसायचे आणि म्हणायचे, वय झालं. मी म्हटलं, थांबा. आठ दिवस पाहत राहिलो. कैरीचा तक्कू भाकरीबरोबर खाल्ला की जळजळ, ज्या दिवशी तक्कू नाही त्या दिवशी नाही. दोन्ही बाजू मी काकांपुढं मांडल्या. नावांसकट, हात हलवून, प्राध्यापकांची नक्कल करत.

काकांनी तक्कू सोडला आणि जळजळ गेली. त्यांना माझं एवढं कौतुक वाटलं की विचारू नका.

"हे तं लई कामाचं शास्तर हाय बे," ते म्हणाले. "मी समजत होतो तू अमरावतीले नुसता इंग्रजीत गप्पा मारून राह्यला."

त्यांनी अन्वय-व्यतिरेक हे शब्द पाठ केले. अक्षरओळख जेमतेम, पण शब्द नीट उच्चारायचे. गाय कमी दूध देते ती कशानं, दह्याचं जावन, म्हणजे विरजण, लागत नाही ते कशानं, सगळ्याला तेच औषध. मी मनातून फुगलो होतो. एखाद्या गुरूला पहिला शिष्य मिळावा आणि तो चुलता निघावा, याहून मोठा मान मला तेव्हा सुचत नव्हता.

दुसऱ्या वर्षी परीक्षा देऊन चैत्रात घरी आलो तेव्हा घरात काहीतरी बिनसलं होतं. आई गप्प. दादा माझ्याकडं न बघता जेवायचा. आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं ती लेकींची. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, आमरस-सांजोऱ्या खातात आणि आठ-दहा दिवस कुणाच्या सुना नसतात. वहिनीही गेली. शेतातल्या सालदारांचं वर्षही त्याच सणाला संपतं; जुने गडी घरी जातात, नवे ठरून यायला चार-आठ दिवस लागतात. हे मला जन्मापासून माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात येणं यांत किती अंतर असतं ते अजून कळायचं होतं.

सण झाल्यावर पाचव्या दिवशी सकाळी काका मला विहिरीवर घेऊन गेले.

"कोनाडा दिसते का तुले?"

मी वाकून पाहिलं. कोनाडा पाण्याखाली होता.

"नाही दिसत."

"आठ दिसाआधी पानी कोनाड्याच्या दोन हात खाली होतं. आठ दिसात काय बदललं या घरात, सांग."

मी पुन्हा आत वाकून पाहिलं.

"सूनबाई माहेरी गेली," काका म्हणाले. "मांगच्या आखाजीलेबी असंच झालं होतं. तवा मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, एकदाच पाह्यलेलं खरं धरू नये, पोट्ट्यानं सांगतलं हाय. ती आली तवापासून कोनाड्याले पानी टेकलं नाही. ती गेली का कोनाडा बुडते."

"मोट बंद आहे ना काका, म्हणून चढलं असंल."

मला वाटलं, संपलं. पण काकांनी जणू हाच प्रश्न यायची वाट पाहिली होती.

"तेबी पाह्यलं मी. फाल्गुनात आपला बैल लंगडला होता. चार दिस मोट बंद, अन् सूनबाई घरी. किती चढलं? हातभर. बस." त्यांनी आपला हात पुढं करून दाखवला. "ती हाय तं पानी नाही. ती नाही तं पानी हाय. मोटीचंबी पाहून घेतलं. आसरा तिच्यावर रुसल्या हायेत, दुसरं काही नाही. आता तुयं शास्तर काय म्हनते?"

इथं माझी लाज सुरू होते. वहिनीचं काय होणार हा विचार माझ्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा आला नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की काकांनी मांडणी किती नेटकी केली! अन्वय आहे, व्यतिरेक आहे, आणि आक्षेप येईल तो आधीच खोडून ठेवला आहे. कॉलेजातल्या निम्म्या मुलांना हे जमलं नसतं. मी खोट शोधली, खरंच शोधली, आणि मला ती सापडली नाही.

"शास्त्राप्रमाणं बरोबर बसते, काका," मी म्हणालो.

काकांनी सुस्कारा सोडला. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं, हे मला आता समजतं. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी तो विषय सोडून दिला असता.

घरी येऊन त्यांनी आईला निर्णय सांगितला. सूनबाईला आता माहेरीच राहू द्यायचं. पुढच्या वर्षी दादासाठी दुसरी मुलगी बघायची. सुनेला आणायला दिरानं जायचं ही आमच्याकडची पद्धत, तेव्हा जायचं मलाच होतं. फक्त आणायला नाही, तिची पेटी पोचवायला. आईनं पेटी भरली. लुगडी, चोळ्या, आरसा, आणि सगळ्यात वर कुंकवाचा करंडा. तो ठेवताना ती रडली, पण काकांपुढं बोलली नाही. काकांच्या उपकाराखाली ती इतकी वर्षं वावरली होती की विरोध करायचा तर कोणत्या शब्दांत, हेच तिला ठाऊक नव्हतं.

दादा गावाच्या शिवेपर्यंत छकड्याबरोबर चालत आला. तिथं थांबला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"खरंच तसं असते का बे?" त्यानं विचारलं. "तू शिकलेला हायेस. बाईच्या पायगुणानं पानी जाते?"

"दिसतं तरी तसं," मी म्हणालो.

दादानं मान हलवली आणि मागं फिरला. माझा भाऊ आपली बायको टाकायला तयार झाला तो काकांच्या सांगण्यावरून नाही. माझ्या त्या तीन शब्दांवरून झाला. काकांशी तो कदाचित भांडला असता. अमरावतीच्या कॉलेजाशी कसा भांडणार?

वाटेत शिवार एकदम सामसूम होतं. कुठंच चाकाची कुरकुर नाही, बैल हाकणाऱ्याची आरोळी नाही. मला ती शांतता बरी वाटली, एवढंच. पेटी छकड्यात मागं हादरत होती आणि मी व्याह्यांना काय सांगायचं ते जुळवत होतो. कोणतंही वाक्य तोंडात धरवेना.

वहिनीचे वडील दारातच होते. त्यांनी पेटी पाहिली, पण त्यांना वाटलं, लेकीला जास्त दिवस राहता यावं म्हणून सासरच्यांनी कपडे पाठवले. केवढा आनंद त्यांना! पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मला श्वास घेऊ न देता म्हणाले, "चाला, आमची विहीर दाखवतो तुमाले."

मला विहीर या शब्दाची धास्ती बसली होती. तरी गेलो.

"पाहा," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तिचं लगन झालं अन् पानी उतरलं. उतरलं ते उतरलंच. पन लेक आखाजीले घरी आली का असं चढते! मांगच्या सालीबी चढलं होतं. लक्ष्मी हाय हो आमची पोरगी. तुमच्या घराले पाठवली, आता तुमची चंगळ हाय."

मी त्यांच्या विहिरीच्या काठावर खाली बसलो. तीच दोन वर्षं, तीच आखाजी, तोच अन्वय, तोच व्यतिरेक. आमच्या घरी ती नसली की पाणी चढतं म्हणून ती अवदसा, आणि इथं ती असली की पाणी चढतं म्हणून लक्ष्मी. दोन्ही मांडण्या सारख्याच बिनचूक. आणि दोन्ही विहिरी एकाच आठवड्यात भरलेल्या. म्हणजे त्या आठवड्यातच काहीतरी होतं, आणि ते वहिनी नव्हती. इतकं मला कळलं. ते काय, हे मात्र अजून कळत नव्हतं.

विहिरीवरून व्याह्यांच्या घरी परत आलो तर वहिनी ओसरीवर पेटीशेजारी उभी होती. वडील आंबे काढायला मागल्या दारी गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "पेटी काऊन आनली भाऊजी?"

मी जमिनीकडं पाहिलं.

"समजलं मले," ती म्हणाली. "मामंजी पानी पाहून राह्यले होते मांगच्या सालापासून. विहिरीवर गेले का माह्याकडं पाहात."

मग मी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. मी काकांना काय उत्तर दिलं, तेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. मग बोलली ती अगदी सरळ.

"आखाजीले साऱ्या शिवारातल्या मोटा बंद राह्यतात भाऊजी. सालदार घरी जातात. बैल लंगडला तवा आपली एकलीच बंद होती. वरच्या तीन सुरूच होत्या. जमिनीच्या पोटातलं पानी एकच हाय. वरच्यानं ओढलं का खालच्याले मिळत नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"लहानपनापासून वाफे भिजवले मी. आमच्या वरच्या मळ्यातल्या मोटीचा आवाज सुरू झाला का घडीभरानं आमची मोट अर्धी येत होती. रोजचं होतं ते." ती थांबली. "अन् आपल्या वरच्या तिघाईनं मिरची कवापासून लावली? कापसाचे भाव पडले त्या साली. मी आली त्याच साली."

मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. वर्षभर आम्ही विहिरीत डोकावून कोनाडा पाहत होतो, आणि जिच्यावर खटला होता ती चुलीपुढं बसून वरच्या मोटांचे आवाज ऐकत होती.

"मग वहिनी, बोलल्या काऊन नाही?"

"मले कोनं विचारलं?"

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती. मी म्हटलं, निदान वडिलांना तरी सांगायचं, ते बिचारे तुम्हाला लक्ष्मी समजून बसलेत. त्यावर ती पहिल्यांदा हसली.

"बाबाले नाही सांगत. त्याले बरं वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीला घेऊन निघालो. काकांची परवानगी नव्हती, पण पेटी जशी आणली तशी परत छकड्यात चढवली. घरी पोचलो तेव्हा काका ओट्यावर होते. त्यांनी आधी वहिनीकडं पाहिलं, मग पेटीकडं, मग माझ्याकडं. आयुष्यात मी त्यांचा शब्द पहिल्यांदाच मोडला होता. वहिनी पदर ओढून आत गेली. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. व्याह्यांची विहीर, शिवारातली शांतता, वरच्या तीन मोटा, मिरची.

काका ऐकत होते. तक्कूची हकिकत ऐकली होती तसंच, डोळे बारीक करून.

"तिच्या माहेरीबी चढलं?"

"चढलं. मी पाहिलं."

"ती तिथं असताना?"

"हो."

त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "हे वरच्या मोटीचं तुले कोनं सांगतलं?"

"वहिनींनी."

आतल्या दाराकडं त्यांची नजर गेली आणि परत आली. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते म्हणाले ते असं: "मंग एक बाजू पाहाची राह्यली. सूनबाई घरी अन् चारही मोटा बंद. हे आपन पाह्यलंच नाही."

आजही मला वाटतं, आमच्या दोघांत तर्कशास्त्री ते होते. मला ही चौथी बाजू सुचली नव्हती. मला वाटत होतं, वाद जिंकला की काम झालं.

दोन-तीन दिवसांत नवे सालदार आले, चारही मोटा फिरू लागल्या आणि पाणी पुन्हा कोनाड्याच्या दोन हात खाली उतरलं. पण आता चौथी बाजू पाहायची म्हणजे वैशाखात, तापलेल्या उन्हात, तीन शेजाऱ्यांना सांगायचं की चार दिवस मोट जुंपू नका, मिरची सुकली तर सुकू द्या. आणि का, तेही सांगायचं. काका पागोटं बांधून निघाले. मी बरोबर गेलो. पहिले दोघे कुरकुरत कबूल झाले. तिसऱ्याशी, अगदी वरच्या विहिरीवाल्याशी, बांधावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. काका त्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या सुनेचा सवाल हाय." त्या माणसानं काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्याही दोन लेकी सासरी होत्या. शेवटी म्हणाला, "चार दिस. पाचव्या दिशी जुपतो."

चार दिवस नाल्याकाठी एकही चाक फिरलं नाही. प्यायचं पाणी आई गावातून आणायची. आमच्या विहिरीत घागर बुडवायलाही काकांनी मनाई केली. पहिल्या दिवशी पाणी हातभर चढलं. तेवढं तर फाल्गुनातही चढलं होतं. दुसऱ्या दिवशी वीतभर. जमिनीच्या पोटातलं कुणी पाहिलंय? वहिनीचं सगळं म्हणणं चुकीचं निघालं तर? वांग्याची रोपं माना टाकून उभी होती. दादा सकाळ-संध्याकाळ विहिरीत वाकायचा आणि कुणाशी न बोलता परत यायचा. वहिनी एकदाही विहिरीकडं गेली नाही. ती चूल, जातं, झाडलोट करत होती आणि तिची पेटी माजघराच्या दाराशी दोरीनं बांधलेली तशीच होती.

तिसऱ्या दिवशी पाणी कोनाड्याच्या पायाशी आलं. चौथ्या दिवशी सकाळी दादानं मळ्यातून हाक मारली. त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. आम्ही धावलो. कोनाडा बुडाला होता, आणि वहिनी घरात होती.

काकांनी आसरांना नारळ फोडला. मग ते घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथं ते कधी पाऊल ठेवत नसत. मधे आई होती, पण आईला न सांगता ते सरळ म्हणाले, "सूनबाई, मोटा आता जुपू का?"

वहिनीचा आवाज पदराआडून आला. "आधी वरच्याईले जुपू द्या मामंजी. त्याईच्या मिरच्या जास्त सुकल्या."

काका "हाव" म्हणाले आणि तसंच सांगायला वर गेले. पुढं ते होते तोवर मळ्यात काय लावायचं, पाणी कधी द्यायचं, हे वहिनीला विचारल्याशिवाय ठरलं नाही. चारही विहिरीवाल्यांनी मोटांच्या पाळ्या लावून घेतल्या त्याही तिच्याच सांगण्यानं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा मी हुकलेल्या तासाची टिपणं मित्राकडून मागून घेतली. त्या तासाचं नाव होतं उपाधी. आग आहे तिथं धूर असतोच असं वाटतं. पण धूर नुसत्या आगीनं होत नाही, जळण ओलं असलं तर होतो. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवा, आग असते आणि धूर नसतो. दोन गोष्टी जोडीनं दिसल्या तरी त्यांच्यामागं तिसरी दडलेली असते, तिला उपाधी म्हणायचं, आणि ती शोधल्याशिवाय कुणाचा संबंध कुणाशी बांधायचा नाही. आमच्या घरात रोज चूल पेटवणाऱ्या माणसाला हे शिकायला अमरावतीला जावं लागलं नव्हतं. मी पुढं हाच विषय घेतला, यातच जन्म घालवला. उपाधीचा तास मात्र वर्षानुवर्षं एकही चुकवला नाही.

पण हे पुढचं झालं. त्या चौथ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. काका आणि दादा मळ्यात. चाकांची कुरकुर वरून खालपर्यंत पुन्हा सुरू झाली होती आणि मी फार खुशीत होतो. वहिनीला म्हणालो, आपण जिंकलो, शास्त्रानं चूक केली होती ती शास्त्रानंच निस्तरली. वहिनी भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"पानी चढलं नसतं तं?"

मी तोंडातला घास गिळला. तिच्याकडं पाहवेना. अन्वय, व्यतिरेक, मोटा, मिरच्या, चार दिवस, एवढ्या सगळ्यात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. काकांना नाही, दादाला नाही. पाणी कशानं जातं यावर आम्ही इतकं डोकं चालवलं, पण ते तिच्यानंच जात असतं तरी तिची पेटी का बांधायची, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

"चुकलो मी वहिनी," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि शेकली तशी माझ्या ताटात वाढली. पेटी त्यानंतरही आठवडाभर दाराशी बांधलेलीच होती.